झाडावरची पानं उतरवा

ताई, नमस्कार.

मला साडेचार वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. मुलीला चित्रं काढायची भारी हौस. दिवसभर तिच्या हाताला कुठला ना कुठला रंग लागलेला असतो. म्हणून वाटलं, चित्रांमधूनच तिला प्रेमानं वागायला, दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवावं. कुठेतरी वाचून मी भिंतीवर कागदाचं मोठं झाड चिकटवलं. तिनं काही चांगलं केलं, भावाला खेळणं दिलं, कुणाला मदत केली, की एक पान रंगवून ती झाडावर लावते. सुरुवातीला छान चाललं होतं. आता मात्र ती भावाच्या हातात खेळणं कोंबते आणि धावत येऊन विचारते, "आता पान?" पान मिळणार नसेल तर मदतही नाही. मागच्या आठवड्यात तिनं भावाचं चित्र टराटरा फाडलं. तो हमसून हमसून रडत होता आणि ही हसत होती. (त्याआधी त्यानं तिच्या चित्रावर रेघोट्या मारल्या होत्या, पण तो लहान आहे, त्याला काय कळतंय.) मी रागावले, 'सॉरी' म्हणायला लावलं. 'सॉरी' म्हणाली आणि खेळायला निघून गेली. माझी मुलगी निष्ठुर आहे का? चित्रांमधून असं काही खरंच शिकवता येतं का? की तिला एखाद्या चित्रकलेच्या क्लासला घालू?

– काळजीत पडलेली आई

प्रिय मैत्रीण,

तुमची मुलगी निष्ठुर नाही. साडेचार वर्षांच्या कुठल्याच मुलाला मी तो शब्द लावणार नाही, आणि तुम्हीही तो मनातून काढून टाका. पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात घातलंय. मला वाटतं, सगळी गाठ त्या कंसातच आहे.

भावानं तिच्या चित्रावर रेघोट्या मारल्या, आणि घरातले बहुधा म्हणाले, "जाऊ दे गं, लहान आहे तो." त्याला कळत नव्हतं हे खरंच. पण तिचं चित्र बिघडलं, हेही तितकंच खरं होतं आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही. नंतर तिनं त्याचं चित्र फाडलं, तेव्हा मात्र घरात केवढा गहजब झाला. तिच्या बाजूनं हा हिशेब मांडून बघा. माझं चित्र खराब झालं तर काही नाही, त्याचं झालं तर सगळं घर हादरतं. फाडणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलाच्या दुखण्याची कुणी विचारपूस केली नाही, त्यानं दुसऱ्याच्या दुखण्याची करावी ही अपेक्षा फार मोठी आहे. मोठ्या माणसांनाही ते जमत नाही.

आणि तिच्या हसण्याचं म्हणाल, तर ते हसू आनंदाचंच होतं असं धरून चालू नका. आपल्या हातून काहीतरी भलतंच घडलंय, समोरचा आकांत करतोय, आई लाल झालीय आणि आता काय करायचं ते सुचत नाहीये, अशा वेळी या वयाची पुष्कळ मुलं हसतात. ते ओशाळलेलं, घाबरलेलं हसू असतं. पुढच्या वेळी तोंडाकडे न बघता तिचे खांदे बघा, हात बघा. हात आखडलेले असतील, नजर तुमच्यावर खिळलेली असेल, तर ओळखायचं.

आता कामाचं बोलू. फाडलेल्या चित्राचे तुकडे अजून घरात असतील तर बाहेर काढा. नसतील, तर पुढच्या फाटाफाटीच्या वेळी हे करा. ती होणारच आहे. पण पहिल्यांदा तिचं चित्र घ्या, रेघोट्या मारलेलं. तिच्याजवळ बसा आणि विचारा, "यात तू काय काढलं होतंस?" ती सांगू लागली की ऐका. मग विचारा, "त्यानं ही रेघ मारली तेव्हा तुला कसं झालं?" आणि गप्प बसा. "म्हणून काय त्याचं फाडायचं का?" हे वाक्य त्या वेळी जिभेवर येईल, ते गिळा. ते बोललात की आधीची विचारपूस ही फक्त प्रस्तावना होती हे तिला बरोबर कळेल. तुम्ही एवढंच म्हणायचं, "तू मेहनतीनं काढलं होतंस. मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं."

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भावाचे तुकडे घेऊन दोघांना जमिनीवर बसवा. खाली एक मोठा जाड कागद ठेवा. त्यावर तुकडे मांडायचे आणि जागा सापडली की डिंकानं चिकटवायचे. कडा जुळवणं तिला जमेल, अडीच वर्षांच्याला नाही जमणार. म्हणून तुकडा ती धरेल आणि त्याला विचारेल, "हा इथला ना?" तो बोट दाखवेल, चुकीच्या जागी दाखवेल, तीही चालवून घेईल किंवा घेणार नाही. डिंक लावलेल्या तुकड्यावर तळहात दाबून धरायचं काम त्याचं. सगळे तुकडे लागले तरी मधे पांढऱ्या कडा दिसत राहतात, एखादा कोपरा सापडतच नाही. तो लपवायला जाऊ नका. तिला वाटेल की त्या रेषेवर रंग फिरवून टाकावा. "चित्र त्याचं आहे, त्याला विचार," एवढंच सांगा. त्याला नको असेल तर नको.

'सॉरी' म्हणायला तिला एक क्षण लागला होता. हे काम चांगलं अर्धा तास चालेल आणि तेवढा वेळ तिचं सगळं लक्ष भावाच्या चित्रावर असेल. आपण काय मोडलं आणि ते जोडायला काय काय लागतं, हे तिच्या हातांना कळेल. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आया "तू त्याला मारलंस, त्याला दुखलं" असं स्पष्टपणे आणि मनापासून सांगत, ती मुलं आपल्यामुळे रडणाऱ्याचं काहीतरी करून सावरायला अधिक वेळा पुढे येत. नुसत्या 'नको करू'नं ते होत नव्हतं. म्हणून माफीचा शब्द वदवून घेण्यापेक्षा, काय झालं ते नीट सांगा आणि दुरुस्तीला हातभार लावायला तिला जागा द्या. माफी मागावीशी वाटेल तेव्हा ती मागेल.

आता ते झाड. ते उतरवा असं मी अगदी ठामपणे सांगते. तुमचा हेतू चांगला होता आणि असली झाडं, बरण्या, तक्ते पुष्कळ घरांत आणि वर्गांत लावलेले असतात. पण तुम्हीच लिहिलंय तसं तिचं लक्ष भावाकडून पानाकडे गेलं. खेळणं दिल्यावर त्याचं तोंड कसं फुललं हे बघायच्या आत ती तुमच्याकडे पळत येते. बक्षिसाचं हे असं होतं हे बरंच आधीपासून माहीत आहे, आणि गंमत म्हणजे ते चित्रांवरच दिसून आलं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण काय करतंय ते पाहिलं, तर कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी चित्रांना बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ दिला. जे आवडीनं चाललं होतं ते मजुरी होऊन बसलं. मदतीच्या बाबतीतही तसंच. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांबद्दल लिहिलं आहे: मदतीच्या बदल्यात वस्तू मिळालेली मुलं, वस्तू मिळायची थांबल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. काहीच न मिळालेली मुलं आपली करतच राहिली. म्हणजे वीस महिन्यांच्या मुलात ही ऊर्मी असतेच. आपण तिच्यावर किंमत लावतो.

तुमच्या मुलीकडे तर आता दोन-दोन गोष्टी आल्या होत्या, चित्रांची हौस आणि भावाबद्दलची माया, आणि पानानं दोन्हींचा भाव ठरवून टाकला. ती पान रंगवते तेही आता बहुधा घाईघाईनं रंगवत असेल. बघा एकदा.

उतरवताना शिक्षा म्हणून उतरवू नका. तिनं केलेली पानं आहेत ती, फेकायची नाहीत. "आता हे झाड पुरे, या पानांचं आपण दुसरं काहीतरी करू" असं सांगून तिच्या हाती द्या. त्यांचे पक्षी होतील, मासे होतील, तिला वाटेल ते. "मग मला पान नाही का मिळणार?" असं ती विचारणारच. "नाही. तू त्याला चेंडू दिलास तेव्हा तो कसा हसला, ते मी पाहिलं. तू पाहिलंस का?" काही दिवस ती कुरकुर करेल, मदत मुद्दाम करणार नाही. ते दिवस जाऊ द्या.

मग चित्रांमधून हे शिकवता येतं का? येतं, पण चित्राचा विषय 'प्रेम' किंवा 'मदत' ठेवल्यानं नव्हे. हसरे चेहरे, हातात हात घातलेली मुलं, इंद्रधनुष्य अशी चित्रं रंगवून मुलाला रंगवायची सवय होते, फार तर. मला वाटतं, चित्रातलं खरं मोलाचं आहे ते बघणं. एखाद्याचं किंवा एखाद्यासाठी चित्र काढायचं तर त्याच्याकडे बराच वेळ, नीट, काही न मागता बघावं लागतं. लहान मुलाला दुसऱ्याकडे इतका वेळ बघायला लावणारं दुसरं काम मला माहीत नाही.

तुमच्या घरी मी सुरुवात करेन ती 'त्याच्यासाठी' काढायच्या चित्रापासून. तिला सांगा, भावासाठी एक चित्र काढायचं, पण आधी त्याला काय आवडतं ते शोधून काढायचं. विचारून नव्हे, त्याला बोलता येत नाही तेवढं. बघून. तो कशाच्या मागे धावतो, कुठल्या आवाजावर मान वळवतो, झोपताना काय घट्ट धरतो. ती पहिल्यांदा स्वतःच्या आवडीचंच काढेल आणि म्हणेल त्यालाही हेच आवडतं. हे स्वार्थ नव्हे, वयाचा भाग आहे. बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांचा १९९७ सालचा एक प्रयोग आहे. प्रयोग घेणाऱ्या बाईंनी मुलासमोर ब्रोकोली आवडीनं खाल्ली, बिस्किटांना तोंड वेंगाडलं आणि मग हात पुढे करून "मला दे" म्हटलं. चौदा महिन्यांच्या मुलांनी आपल्याला आवडणारी बिस्किटंच पुढे केली. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. म्हणजे दुसऱ्याची आवड वेगळी असते हे समजण्याची पायरी तुमची मुलगी केव्हाच ओलांडून आली आहे. पण समजणं आणि रंगाचा खडू हातात असताना ते आठवणं यात अंतर असतं. तुमचं काम तेवढंच, आठवण द्यायचं: "हे तुझं आवडतं ना? आणि त्याचं?"

चित्र पुरं झालं की तिनं ते स्वतः द्यायचं. तो ते कदाचित चुरगाळेल, तोंडात घालेल. यासाठी तिची आधीच तयारी करून ठेवा. "दिलं की ते त्याचं झालं, तो हवं ते करेल." तिला फारच वाईट वाटणार असेल तर एक तिच्यासाठी आणि एक त्याच्यासाठी, अशी दोन काढू द्या.

दुसरं, दोघांचा एक कागद. मोठा कागद जमिनीवर चिकटवा, दोघांना दोन बाजूंना बसवा आणि नियम एकच ठेवा: दुसऱ्यानं काढलेल्यावर काढायचं असेल तर विचारायचं, "इथे काढू?" समोरचा नाही म्हणाला तर नाही. हा नियम तुम्हालाही लागू. तुम्हीही त्या कागदावर काढा आणि तिला विचारा, "तुझ्या घराशेजारी मी झाड काढू?" ती 'नाही' म्हणाली की खरंच थांबा, लाडीगोडी लावू नका. तुमच्या घरातलं मूळ भांडण ज्यावरून झालं, ते असं रोज थोडं थोडं सुटेल. अडीच वर्षांचा मुलगा विचारायचं विसरणारच. तो पुढे सरसावला की त्याचा हात हलकेच धरून, "ताईला विचारू या, इथे काढू का?" असं त्याच्या वतीनं तुम्ही विचारा. आपल्या रेघेचीही कुणी राखण करतंय हे तिला दिसलं पाहिजे. 'तो लहान आहे' याचा अर्थ त्याला शिकवायचं आहे असा होतो. तिनं सोसायचं असा नाही.

भावनांचे चेहरे रंगवायच्या तयार कागदांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गोल तोंड, वर वळलेली रेघ म्हणजे आनंद, खाली वळलेली म्हणजे दुःख. घरातलं माणूस दुःखी असतं तेव्हा त्याचं तोंड असं कुठे दिसतं? कुणी गप्प होतं, कुणी भांडी आपटतं, कुणी जास्तच बोलतं. त्यापेक्षा आरसा घ्या. "दमल्यावर तुझा चेहरा कसा होतो?" असं विचारून तिला आरशात बघू द्या, मग काढू द्या. दुसऱ्या दिवशी तुमचा चेहरा काढायला सांगा. तुम्ही दमलेल्या असाल तेव्हा तसं सांगा, "आज मी दमलेय, काढ मला." तिच्या वयाची मुलं माणूस काढतात तेव्हा बऱ्याचदा एक मोठं डोकं असतं आणि त्यालाच हातपाय फुटलेले असतात. त्यात तुमच्या डोळ्यांखालची वर्तुळं आली तर तिनं तुम्हाला पाहिलं म्हणायचं. नाही आली तरी ती पाच मिनिटं तुमच्या तोंडाकडे बघत बसली होती, हे काही थोडं नाही.

चित्र बघून तिचं मन वाचायला मात्र जाऊ नका. तिनं भावाला इवलासा काढला किंवा काढलाच नाही, काळा रंग फासला, की आयांच्या पोटात गोळा येतो. कागदावर जागा उरली नसेल. काळा खडू हाताशी असेल. "हे काय? भाऊ कुठंय?" असं न विचारता "इथे काय चाललंय, सांग ना" असं म्हणा. गोष्ट तिची, ती हवी तिकडे नेईल. त्या गोष्टीत कुणी रडत असेल, कुणी एकटं पडलं असेल, तर तिथे थोडं थांबा. "मग त्याचं कुणी काय केलं?" असं विचारा आणि तिचं उत्तर जसं असेल तसं राहू द्या. राक्षसानं सगळ्यांना खाल्लं, हेही उत्तर चालतं.

एक गोष्ट अधूनमधून मनात ठेवा. एखादं मूल सतत, बऱ्याच काळापर्यंत दुसऱ्या मुलांना किंवा प्राण्यांना मुद्दाम इजा करत असेल, कुणी कितीही रडलं तरी त्याची दखलच घेत नसेल, किंवा बोलणं, नजरेला नजर देणं, खेळणं यांतही मागे वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. तरीही तुमच्या मनाला रुखरुख वाटत असेल तर जरूर जा, विचारून घ्यायला संकोच कशाला.

राहिला क्लासचा प्रश्न. यासाठी म्हणून क्लास लावू नका. तिला घरी जे मिळायला हवंय, ते म्हणजे तिच्या रेघेला मान आणि भावाकडे बघायला वेळ, ते क्लासात मिळणार नाही. पुढे तिलाच हौस म्हणून जावंसं वाटलं तर घालण्याआधी एक दिवस तिथे जाऊन बसा. सगळ्या मुलांची चित्रं एकसारखी दिसतायत का ते बघा. दिसत असतील तर तिथे नको. शिक्षक मुलाच्या हातातला खडू घेऊन स्वतः रेघ ओढतात का, चित्रांना नंबर देतात का, एकाचं पाणी दुसऱ्याच्या चित्रावर सांडल्यावर काय करतात, तेही पाहून घ्या. पाणी सांडल्यावर आधी फडकं कुणाच्या हाती देतात आणि ज्याचं चित्र भिजलं त्याच्याशी कोण बोलतं, एवढ्यावरून क्लास कसा आहे ते तुम्हाला समजेल.

तुमची,
ताई